बेल्ट ग्राइंडर (चाकूनिर्मिती)

बेल्ट ग्राइंडर हे अपघर्षक कणांचा अखंड पट्टा दोन किंवा अधिक चाकांवरून वेगाने फिरवून धातू, लाकूड आदी पदार्थ घासणारे यंत्र आहे. चाकूनिर्मितीत पात्याचा बाह्याकार काढणे, पाठीपासून धारेपर्यंतचा ढाळ उतरवणे, पृष्ठभाग गुळगुळीत करणे, मुठीला आकार देणे आणि शेवटी धार लावणे ही कामे या एकाच यंत्रावर होतात. नव्याने चाकू बनवू लागणाऱ्या कारागिराच्या खर्चाचा मोठा भाग या यंत्रावर होतो. यंत्राची निवड प्रामुख्याने पट्ट्याचे आकारमान, पट्ट्याचा वेग, मोटर आणि उपलब्ध वीजजोडणी यांवर ठरते. महाराष्ट्रातील अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत या निकषांत उन्हाळ्याचे तापमान, थ्री फेज विजेची उपलब्धता आणि घरोघरी साठवलेला कापूस यांची भर पडते.

पार्श्वभूमी

वऱ्हाडात शेतीची लोखंडी अवजारे घडवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम परंपरेने गावचे लोहार आणि फिरते गाडीलोहार करत आले आहेत. वखराची पास, डवऱ्याची पास, तिफणीचे फण, कुऱ्हाड, विळा, खुरपे आणि स्वयंपाकघरातील पावशी (विळी) ही या कामाची मुख्य उत्पादने होत. मृग नक्षत्रापूर्वी अवजारे पाजवून घेण्याची प्रथा असल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस लोहाराच्या भात्यावर सर्वाधिक काम असते. या पद्धतीत पात्याची जाडी प्रामुख्याने ऐरणीवर घणाने ठोकून कमी केली जाते आणि कानस व सहाण यांचा उपयोग अखेरच्या टप्प्यात होतो. शस्त्रांना धार व झळाळी देण्याचा व्यवसाय शिकलगार समाजाकडे होता.

विजेच्या प्रसारानंतर कार्यशाळांत दोन दगडी चाकांचा बेंच ग्राइंडर आणि हातात धरायचा अँगल ग्राइंडर रूढ झाले. दगडी चाक झिजून लहान होते, त्याचा घेर बदलतो आणि त्यावर रुंद सपाट पृष्ठभाग मिळत नाही. पट्ट्याच्या यंत्रात घासणारा भाग झिजला, तरी चाकांचा व टेकणाचा आकार कायम राहतो आणि काही सेकंदांत पट्टा बदलून भरड कामावरून बारीक कामावर जाता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हाताने चाकू बनवणाऱ्या स्वतंत्र कारागिरांची चळवळ वाढली. १९७६ मध्ये तेथे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था स्थापन झाली. याच वर्तुळात दोन इंच रुंद व बहात्तर इंच लांब पट्ट्याचे यंत्र प्रचलित झाले आणि आज जगभरच्या चाकूकारांत तेच प्रमाण मानले जाते.

रचना

यंत्राचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात:

चालक चाक: मोटरच्या दांड्यावर बसवलेले व पट्टा ओढणारे चाक. याचा व्यास पट्ट्याचा वेग ठरवतो.

ट्रॅकिंग चाक: पट्टा मध्यभागी राखणारे चाक. याचा पृष्ठभाग मध्यभागी किंचित फुगीर असतो. फिरणारा पट्टा चाकाच्या सर्वांत उंच भागाकडे सरकतो, त्यामुळे चाक थोडे कलते करून पट्टा हवा तेथे आणता येतो.

प्लेटन: पट्ट्यामागील सपाट पोलादी टेकण. सरळ ढाळ यावर काढला जातो. प्लेटन वाकडे असेल तर पात्याचा ढाळही वाकडा येतो.

संपर्क चाक: रबराचे आवरण असलेले मोठे चाक. याच्यावर आत खोलगट ढाळ काढता येतो. सामान्यतः याचा व्यास २०० ते २५० मिमी असतो.

ताण देणारी स्प्रिंग व भुजा: पट्टा घट्ट ठेवणारी आणि बदलताना सैल करणारी रचना.

वस्तू टेकवण्याचा टेबल: बाह्याकार काढताना पाते काटकोनात धरण्यासाठी.

विळ्याची किंवा कोयत्याची आतली वक्र धार सपाट प्लेटनवर घासता येत नाही. त्यासाठी वक्रतेपेक्षा लहान त्रिज्येचे चाक लागते. शेतीची अवजारे पाजवण्याचे काम डोळ्यांपुढे असल्यास लहान चाकांची जोडणी शक्य असलेले यंत्र अधिक उपयोगी ठरते. दातेरी विळ्याचे दात मात्र पट्ट्यावर काढता येत नाहीत. ते काम कानशीचेच राहते.

पट्ट्याचे आकारमान

यंत्र एकदाच विकत घेतले जाते. पट्टे मात्र ते वापरात असेपर्यंत घ्यावे लागतात. म्हणून यंत्राची निवड ही प्रत्यक्षात पट्ट्याची निवड असते. प्रचलित मापे अशी आहेत:

२५ × ७६२ मिमी (१ × ३० इंच): लहान, हलके व स्वस्त यंत्र. धार लावणे, लहान पाती आणि मुठीचे बारीक काम यांसाठी पुरेसे. जाड पोलाद उतरवण्यास शक्ती अपुरी पडते आणि अरुंद पट्ट्यावर लांब ढाळ एकसारखा ठेवणे अवघड जाते.

१०० × ९१४ मिमी (४ × ३६ इंच): मुख्यतः लाकूडकामासाठी. पट्टा रुंद असल्याने सपाट पृष्ठभाग मिळतो, परंतु पात्याची मूठ व ढाळ यांच्या सांध्यावर काम करता येत नाही. वेग बहुधा स्थिर असतो.

५० × १०६५ मिमी (२ × ४२ इंच) व ५० × १२२० मिमी (२ × ४८ इंच): मध्यम यंत्रे. छंद म्हणून काम करणाऱ्यास पुरेशी, परंतु चाकूकामाच्या खास पट्ट्यांचे प्रकार या मापांत कमी मिळतात.

५० × १८३० मिमी (२ × ७२ इंच): चाकूकामाचे प्रमाण माप. लांब पट्ट्यावर घासण्याचे काम अधिक कणांत विभागले जाते, पट्टा थंड होण्यास अधिक वेळ मिळतो आणि तो अधिक टिकतो. अपघर्षकांचे सर्वाधिक प्रकार याच मापात मिळतात.

अमरावती किंवा अकोल्याच्या हार्डवेअर बाजारात सहज मिळणारे पट्टे बहुतेक फर्निचरच्या कामातील हातयंत्रांचे असतात. मोठ्या शहरांतील अपघर्षकांचे विक्रेते मागणीनुसार लांबी-रुंदीचे पट्टे जोडून देतात. कार्बोरंडम युनिव्हर्सल आणि ग्राइंडवेल नॉर्टन या अपघर्षक बनवणाऱ्या प्रमुख भारतीय कंपन्या आहेत. यंत्र घेण्यापूर्वी त्याच्या मापाचे भरड व बारीक दोन्ही पट्टे नियमित कोठून मिळतील हे निश्चित करणे हा निवडीचा पहिला टप्पा मानला जातो. दुर्मीळ मापाचे स्वस्त यंत्र पट्ट्यांअभावी बंद पडून राहते.

अपघर्षक

पट्ट्यावरील कणांचे चार मुख्य प्रकार आहेत. ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त असून लाकूड व मऊ पोलादासाठी चालतो. झिर्कोनिया अधिक टिकाऊ असतो. सिरॅमिक कण दाबाखाली तुटून पुन्हा धारदार होतात, त्यामुळे पोलाद उतरवण्यास ते सर्वांत परिणामकारक ठरतात. मात्र त्यांना पुरेसा वेग व दाब लागतो आणि कमकुवत यंत्रावर त्यांचा लाभ मिळत नाही. सिलिकॉन कार्बाइड बारीक कामासाठी वापरतात. सामान्य क्रम ३६ किंवा ६० ग्रिटने आकार व ढाळ, १२० ग्रिटने खोल ओरखडे काढणे आणि २४० ते ४०० ग्रिटने सफाई असा असतो. बोथट पट्टा कापण्याऐवजी रगडतो आणि उष्णता वाढवतो. जुना पट्टा वाचवण्याच्या प्रयत्नात पाते खराब होण्याचे प्रमाण नवशिक्यांत अधिक असते.

वेग

पट्ट्याचा वेग चालक चाकाचा परीघ आणि मोटरचे फेरे यांच्या गुणाकाराइतका असतो. भारतातील वीज ५० हर्ट्झ असल्याने चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, तर दोन ध्रुवांची सुमारे २८८० घेते. त्यानुसार:

१०० मिमी चाक व १४४० फेरे: मिनिटाला सुमारे ४५२ मीटर (सेकंदाला ७.५ मीटर).

१५० मिमी चाक व १४४० फेरे: मिनिटाला सुमारे ६७९ मीटर (सेकंदाला ११.३ मीटर).

१०० मिमी चाक व २८८० फेरे: मिनिटाला सुमारे ९०५ मीटर (सेकंदाला १५.१ मीटर).

अमेरिकेत प्रसिद्ध झालेले आराखडे ६० हर्ट्झ विजेसाठी असतात. त्याच मापांचे यंत्र भारतात बनवल्यास वेग सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी मिळतो, म्हणून चालक चाकाचा व्यास त्या प्रमाणात वाढवावा लागतो.

अनुभवी कारागीर जाड पोलाद उतरवताना सेकंदाला २० ते २५ मीटरपर्यंतचा वेग वापरतात. नवशिक्याच्या हाताला हा वेग आवरत नाही. एका क्षणाच्या चुकीने ढाळाची कड पाठीपर्यंत सरकते आणि उतरलेले पोलाद परत येत नाही. लाकडी मूठ, पाणी दिलेले पाते आणि बारीक ग्रिटचे काम यांसाठी तर वेग कमीच लागतो. म्हणून एकाच स्थिर वेगाच्या शक्तिशाली यंत्रापेक्षा वेग बदलता येणारे मध्यम शक्तीचे यंत्र शिकण्यास अधिक योग्य समजले जाते.

मोटर व वीजजोडणी

२५ मिमी पट्ट्याला अर्धा अश्वशक्ती, मध्यम यंत्राला एक अश्वशक्ती आणि ५० × १८३० मिमी यंत्राला दीड ते दोन अश्वशक्तीची मोटर सामान्यतः पुरते. पोलादाची भुकटी आत जाऊ नये म्हणून मोटर पूर्ण बंद आवरणाची व बाहेरून पंख्याने थंड होणारी असावी लागते.

वेग बदलण्याची प्रचलित पद्धत म्हणजे थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी हे वारंवारता बदलणारे उपकरण. सिंगल फेज जोडणीवर चालणारे व्हीएफडी मोटरला २३० व्होल्टची थ्री फेज वीज पुरवते. त्यामुळे घरगुती किंवा लहान दुकानाच्या सिंगल फेज जोडणीवरही थ्री फेज मोटर वापरता येते. भारतीय बाजारातील लहान थ्री फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत असतात. अशी मोटर २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर चालवण्यासाठी तिच्या नामपट्टीवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्टची नोंद असल्याची खात्री करून जोडणी बदलावी लागते. दोन अश्वशक्तीच्या यंत्रासाठी स्वतंत्र १६ अँपिअरची वाहिनी आवश्यक असते. याहून मोठी मोटर साध्या प्लगवर चालवणे सुरक्षित नाही.

ग्रामीण भागात शेतीपंपांच्या वाहिन्यांवर थ्री फेज वीज ठरावीक तासच उपलब्ध असते. शेतातील जोडणीवर विसंबून थेट थ्री फेज यंत्र घेतल्यास कामाच्या वेळा विजेच्या वेळापत्रकावर ठरतात. कमी व्होल्टेजवर सिंगल फेज मोटर सुरू होताना अडखळते व तापते, तर व्हीएफडी आपोआप बंद पडते.

हवामानाचा परिणाम

अकोला हे उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमान नोंदवणाऱ्या शहरांपैकी एक असून तेथील पारा अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. व्हीएफडीवर वेग कमी केला की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो. त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कमी वेगाने दीर्घकाळ काम केल्यास मोटर जळण्याचा धोका असतो. अशा वेळी स्वतंत्र पंखा, कामात खंड किंवा सकाळची वेळ हे उपाय योजले जातात. व्हीएफडी भुकटीपासून वाचवण्यासाठी बंद पेटीत ठेवावे लागते, परंतु पेटी लहान असल्यास ते आतच तापते. म्हणून ते यंत्रापासून दूर, शक्य तर वेगळ्या भिंतीवर बसवतात.

वऱ्हाडातील काळी कसदार माती उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालणे आवश्यक असते. पावसाळ्यातील दमटपणाने पट्ट्यांचे सांधे सुटतात, म्हणून पट्टे घडी न घालता कोरड्या जागी टांगून ठेवतात.

उष्णता व पात्याचे पाणी

घासताना निर्माण होणारी उष्णता हा चाकूकामातील सर्वांत सामान्य नुकसानीचा विषय आहे. पोलादाला पाणी देऊन कठीण केल्यावर त्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा मर्यादित तापवतात. साध्या कार्बन पोलादाच्या चाकूंसाठी हे तापमान बहुधा २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यानंतर घासताना धार याहून अधिक तापली, तर तेथील काठिण्य उतरते. सुमारे २०० ते २३० अंशांना पोलादावर गवती पिवळा रंग येतो, तर ३०० अंशांच्या सुमारास निळा येतो. पातळ धार पट्ट्यावर एक-दोन सेकंदांतच निळी पडू शकते. निळा रंग घासून काढता येतो, परंतु गेलेले काठिण्य परत येत नाही. असे पाते दिसायला चांगले असते आणि पहिल्याच वापरात बोथट होते.

यावर प्रचलित उपाय असे: पाणी देण्यापूर्वीच बहुतांश ढाळ उतरवून धारेपाशी सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर जाडी राखणे, पाणी दिल्यानंतर नवा पट्टा व कमी वेग वापरणे, पाते उघड्या बोटांनी धरून चटका जाणवताच पाण्यात बुडवणे. धारेची जाडी आधीच फार कमी केल्यास पाणी देताना पाते वाकते किंवा तडकते.

ट्रक व बसच्या टाकाऊ कमानपाट्यांचे पोलाद कोयते व मोठ्या पात्यांसाठी, तर बेअरिंगचे पोलाद लहान पात्यांसाठी वापरले जाते. जुन्या कमानपाट्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या तडा असू शकतात आणि पोलादाचा नेमका प्रकार माहीत नसतो. त्यामुळे शिकताना ज्ञात प्रकारची नवी पट्टी वापरल्यास दोष यंत्राचा, हाताचा की पोलादाचा, हे ओळखणे सोपे जाते.

वऱ्हाडातील उपयोग

अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी व चांदूर बाजार हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध असून शेंदुरजनाघाट येथे संत्र्याच्या रोपवाटिका मोठ्या प्रमाणावर आहेत. रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्यासाठी लहान, पातळ व अतिशय तीक्ष्ण पात्याचा चाकू लागतो. असे चाकू बनवण्यास व त्यांना धार लावण्यास २५ मिमी पट्ट्याचे लहान यंत्रही पुरते. मेळघाटातील बांबूकामात बांबू चिरण्यासाठी जाड पाठीचे पाते लागते. पावशी व कोयते यांप्रमाणेच या कामाला ५० मिमी पट्ट्याचे यंत्र सोयीचे ठरते. म्हणजेच कोणती पाती बनवायची, हे ठरल्याशिवाय यंत्राच्या आकाराचा निर्णय घेता येत नाही.

तयार यंत्राऐवजी स्थानिक लेथ व वेल्डिंगच्या कारागिरांकडून सांगाडा व चाके बनवून घेण्याचा पर्यायही आहे. शेती अवजारांच्या कार्यशाळा दोन्ही जिल्ह्यांत असल्याने हे काम शक्य होते. यात चाकांचा समतोल, ट्रॅकिंग चाकाची मध्यफुगी, प्लेटनचा सपाटपणा आणि सर्व चाके एका रेषेत असणे या चार बाबींवर यंत्राची गुणवत्ता अवलंबून असते. असंतुलित चाकाचा थरथराट पात्यावर लाटांच्या रूपाने उमटतो.

ग्राइंडर नसतानाही चाकू बनवता येतो. पहिली काही पाती कानशीने घासून बनवल्यास ढाळाची समज येते आणि पुढे यंत्रावर होणाऱ्या चुका कमी होतात, असे अनेक प्रशिक्षक मानतात.

सुरक्षितता

आग: यंत्रातून उडणाऱ्या ठिणग्या कित्येक फूट दूर जातात. वऱ्हाडात वेचणीनंतर भाववाढीच्या अपेक्षेने कापूस घरातच साठवण्याची पद्धत आहे. कापूस, कुटार किंवा कडबा साठवलेल्या वाड्यात वा गोठ्यात हे यंत्र चालवणे अत्यंत धोकादायक असते. कापसाच्या ढिगात पडलेली ठिणगी आत धुमसत राहून काही तासांनी पेट घेऊ शकते. लाकडाचा भुसा व पोलादाच्या ठिणग्या एकाच पिशवीत जमा झाल्यासही आग लागते, म्हणून मुठीचे काम करण्यापूर्वी साठलेली भुकटी काढतात. ठिणग्यांखाली पाण्याची बादली ठेवतात.

श्वसन: धातू, अपघर्षक, लाकूड व राळयुक्त मुठींची बारीक भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते. तोंडाला बांधलेला दुपट्टा तिला अडवू शकत नाही. एन९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मुखवटा आवश्यक असतो.

डोळे व कान: पूर्ण बंद चष्मा आणि कर्णरक्षक वापरतात. पट्टा तुटल्यास तो चेहऱ्याकडे उडू शकतो, म्हणून नवा पट्टा चढवल्यावर यंत्र बाजूला उभे राहून सुरू करतात. पट्ट्याच्या आतील बाजूस छापलेला बाण फिरण्याच्या दिशेशी जुळवावा लागतो.

कपडे: दुपट्टा, सैल बाह्या, सैल हातमोजे व मोकळे केस पट्ट्यात ओढले जातात. धार लागलेले पाते पट्ट्याच्या दिशेविरुद्ध धरल्यास ते पट्ट्यात रुतून हातातून निसटते.

कायदेशीर बाबी

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. नियमांतील वर्गवारीनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. पावशी, विळा, कोयता व डोळा भरण्याचा चाकू ही अवजारे या सवलतीत येतात. तलवार व खंजीर यांची गणना मात्र शस्त्रांतच होते.

निवडीचा क्रम

वरील निकषांनुसार निवडीचा क्रम सामान्यतः असा राहतो: प्रथम बनवायच्या पात्यांचा प्रकार, मग त्या मापाच्या पट्ट्यांची नियमित उपलब्धता, त्यानंतर जागेवरील वीजजोडणी व तिला झेपणारी मोटर, वेग बदलण्याची सोय आणि सर्वांत शेवटी संपर्क चाकासारखी जोडसाधने. पट्टे, मुखवटा, चष्मा व अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो. संपूर्ण रक्कम यंत्रावर खर्च केल्यास बोथट पट्ट्यावर आणि मुखवट्याविना काम करण्याची वेळ येते. त्यात पात्याचे पाणी आणि कारागिराचे आरोग्य या दोहोंची हानी होते.